समुद्राला आधी एक वर्ष द्या : न्यूट्रिनो दुर्बिणीच्या आढावा समितीस खुले पत्र

आढावा समितीचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

समुद्रात उभ्या राहणाऱ्या आपल्या न्यूट्रिनो दुर्बिणीत काय कापायचं याचा तुमचा निर्णय गेल्या महिन्यात आमच्यापर्यंत पोचला तो एका तक्त्याच्या रूपात. डाव्या रकान्यात कामं, उजव्या रकान्यात 'ठेवावे' किंवा 'वगळावे'. चाचणीच्या माळेपुढे (माळ म्हणजे समुद्रात उभ्या सोडलेल्या दोऱ्यांना धरलेले, प्रकाश टिपणारे काचेचे गोल) 'वगळावे'. जागेच्या वर्षभराच्या निरीक्षणापुढे 'जहाजावरून दोन आठवडे पुरेसे'. माळांची जागा मोजणाऱ्या ध्वनियंत्रणेपुढे 'निम्मी'. दाबचाचणीपुढे 'नमुन्यादाखल'. समुद्रविज्ञानासाठी ठेवलेल्या जोडण्यांपुढे 'पुढील टप्प्यात पाहू'. कारणांचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच.

हे पत्र तुम्हाला आहे, पण ते उघड लिहिते आहे. ही दुर्बीण लोकांच्या पैशातून उभी राहणार आहे आणि एकदा पाण्यात गेली की तिच्यातली चूक कुणाला दिसणार नाही. जे बोलायचं ते ती किनाऱ्यावर असतानाच बोलायला हवं.

मी या दुर्बिणीचे डोळे जोडते. ४३ सेंटिमीटर व्यासाचा जाड काचेचा गोल असतो, दोन वाट्यांचा. दोन्ही वाट्यांत मिळून ३१ छोट्या फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अगदी मंद प्रकाशही टिपणाऱ्या नळ्या, बसवायच्या. नळीचं तोंड आणि काच यांच्यामध्ये पारदर्शक जेल ओतायचं. जेलमध्ये बुडबुडा राहिला तर तिथे प्रकाश परततो, म्हणून ओतण्याआधी ते निर्वात भांड्यात ठेवून त्यातली हवा काढावी लागते. ओतल्यावर ते धरेपर्यंत वाटीला हात लावायचा नाही. मग दोन वाट्या मिटायच्या, आतली हवा थोडी उपसायची, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबानेच सांधा घट्ट बसतो. हे काम आम्ही अनेक वर्षं करतोय. त्यामुळे तुमच्या तक्त्यातला प्रत्येक 'वगळावे' आम्हाला आकड्यांत दिसत नाही, कुठल्यातरी गोलात दिसतो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण जवळजवळ कशालाच अडत नाही, पृथ्वीतूनही आरपार जातो. पण कोट्यवधींमधला एखादा पाण्यातल्या किंवा तळाखालच्या खडकातल्या अणुकेंद्राला धडकतो आणि त्यातून म्युऑन नावाचा विद्युतभारित कण निघतो. हा म्युऑन पाण्यात प्रकाशापेक्षा वेगाने धावतो, कारण पाण्यात प्रकाशच मंदावलेला असतो, आणि जाताना मागे निळसर प्रकाशाचा शंकू सोडतो. त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तो कुठल्या गोलावर कोणत्या क्षणी पोचला यावरून म्युऑनची वाट काढायची, आणि त्या वाटेवरून आकाशातला उगम. असा टक्कर देणारा न्यूट्रिनो इतका विरळा की दुर्बिणीला घन किलोमीटरभर पाणी लागतं. तेवढी टाकी कुणी बांधू शकत नाही. म्हणून १९६० मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मार्कोव्ह यांनी सुचवलं की खोल तळ्यात किंवा समुद्रातच उपकरणं सोडा. वरचं पाणी वातावरणातून येणारे बरेचसे म्युऑन अडवतं, अंधार पुरवतं आणि स्वतःच शोधकही होतं.

कल्पना सोपी आहे. ती पाण्यात उतरवताना काय झालं, हे मात्र तुमच्या तक्त्यात कुठे दिसलं नाही.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तक्रार चाचणीच्या माळेबद्दल आहे. तुमचं म्हणणं असं असावं, की गोल तेच, केबल तीच, प्रयोगशाळेत सगळं चालतं, मग एक माळ वर्षभर पाण्यात ठेवून उत्पादन कशाला थांबवायचं? हवाई बेटांजवळ ४,८०० मीटर खोलीवर डुमंड या न्यूट्रिनो दुर्बिणीचा प्रकल्प झाला. त्यांची तयारी कच्ची नव्हती. तिच्यामागे दीड-दोन दशकांचं काम होतं. १९९३ च्या डिसेंबरात पहिली माळ उतरली. एका ठिकाणी पाणी शिरलं, शॉर्ट सर्किट झालं आणि थोड्याच वेळात माळ गप्प झाली. १९९५ मध्ये प्रकल्पाचा आधार काढून घेतला गेला. पाणी शिरलं ती जागा किती मोठी असेल? मी ज्या पेनिट्रेटरना, म्हणजे केबल गोलात नेणाऱ्या जोडांना, रोज हात लावते ते अंगठ्याएवढे असतात.

याउलट फ्रान्समधल्या तुलाँजवळच्या अँटारेस दुर्बिणीच्या लोकांनी २००३ मध्ये दोन चाचणी-माळा समुद्रात चालवून पाहिल्या. एकीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बंद पात्रात पाणी शिरलं. दुसरीत वेळेचा सिग्नल नेणारा फायबर निकामी झाला. दोन्ही वर काढल्या, उघडल्या, रचना बदलली. २००५ मध्ये सुधारलेली माळ सोडली, २००६ मध्ये पहिली पूर्ण माळ, आणि मे २००८ मध्ये बारावी. २,४७५ मीटर खोलीवर ८८५ मॉड्यूलची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या गोलांची, ती दुर्बीण फेब्रुवारी २०२२ पर्यंत चालली. त्या दोन चाचण्या फसल्या असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, त्या दोन माळांनी पुढच्या बारा वाचवल्या.

मी स्वतः पाहिलेलं एक सांगते. काही वर्षांपूर्वी एका चाचणी-मोहिमेतून परत आलेलं एक पात्र आमच्या टेबलावर आलं. ते आमच्याच जोडणीतलं होतं. प्रयोगशाळेतल्या दाबाच्या टाकीत ते पास झालेलं होतं. झाकण काढलं तर आत पाणी असं नव्हतंच. एका कोपऱ्यात चमचाभर ओल, आणि ओ-रिंगच्या, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेशी पांढऱ्या मिठाची केसाएवढी रेघ. भिंगाखाली धरल्यावर दिसलं की खाचेच्या धातूवर एक ओरखडा होता, नखालाही जेमतेम लागेल असा. टाकीत ते पात्र काही तास दाबाखाली होतं, समुद्रात काही महिने. एवढाच फरक. त्या ओलीने सर्किट बोर्डवरचे तांब्याचे पट्टे हिरवे झाले होते. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक खाच भिंगाखाली तपासली जाते. हा नियम कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, त्या एका रेघेतून आला. असे आणखी किती नियम आम्हाला अजून माहीत नाहीत, ते फक्त चाचणीची माळ सांगू शकते. ती नसेल तर खरी दुर्बीणच सांगेल, पण तेव्हा तशाच शंभर माळा तळाशी असतील.

याला जोडूनच जागेच्या निरीक्षणाचं. जहाजावरून दोन आठवडे पुरेसे, असं तुम्ही लिहिलंत. जहाज कधी जातं? समुद्र शांत असतो तेव्हा. म्हणजे समुद्राचा जो चेहरा आपल्याला त्रास देणार नाही, नेमका तोच आपण पाहून येणार.

खोल पाणी काळोखं असतं, पण पूर्ण नाही. मिठातलं पोटॅशियम-४० सतत विघटित होत असतं आणि प्रत्येक छोट्या नळीत सेकंदाला काही हजार ठिणग्या टाकतं. ती कटकट बारा महिने सारखी असते. शेजारशेजारच्या नळ्यांत एकाच क्षणी पडणाऱ्या अशा ठिणग्यांवरून आम्ही नळ्यांची वेळ जुळवतो, तेव्हा तिची तक्रार नाही. तक्रार चमकणाऱ्या जीवांची आहे. ते ऋतूनुसार वागतात. अँटारेसच्या नोंदींत २००९ आणि २०१० च्या वसंतात प्रकाशाची पातळी फार वाढलेली दिसली. त्याचं कारण पृष्ठभागावर सापडलं. हिवाळ्यातल्या थंड वाऱ्यांनी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या लायन आखातातलं वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली बुडालं होतं, आणि त्याच्याबरोबर तळाच्या जीवांना खाद्य पोचलं होतं. हे दोन आठवड्यांच्या फेरीत दिसणं शक्यच नव्हतं. नळ्यांची संवेदनशीलता, डेटा किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलची क्षमता, कुठला सिग्नल ठेवायचा आणि कुठला टाकायचा याची गणितं, हे सगळं पार्श्वप्रकाशाच्या अंदाजावर उभं आहे. आपल्या निवडलेल्या जागेचा हिवाळा आणि वसंत आपण पाहिलेलाच नाही. पाण्यातला प्रकाशही तसाच मोजावा लागतो. स्वच्छ खोल समुद्रात निळा प्रकाश साधारण ६० ते ७० मीटर जाईपर्यंत शोषला जाऊन सुमारे एक-तृतीयांश उरतो. दोन माळांमधलं अंतर या आकड्यावरून ठरतं. तो आकडा दुसऱ्या समुद्रावरून उसना घेऊन चालणार नाही.

आता जागा मोजणाऱ्या ध्वनियंत्रणेकडे येते. हा कापलेला खर्च वाचताना मला सर्वांत वाईट वाटलं.

माळ म्हणजे ताठ खांब नव्हे. तळाला नांगर, वर तरंगणारा बोया, मधे दोन बारीक दोऱ्या आणि त्यांना धरलेले गोल. ७०० मीटर उंचीची ही माळ प्रवाहात गवताच्या पात्यासारखी झुकते. माथा मीटर-मीटरने सरकतो आणि वाटेत गोल स्वतःभोवती वळतातही. पाण्यात प्रकाश एका नॅनोसेकंदाला सुमारे २२ सेंटिमीटर जातो. गोलाची जागा मीटरभर चुकली तर वेळ साडेचार नॅनोसेकंदांनी चुकते, आणि आपण घड्याळं नॅनोसेकंदापर्यंत जुळवण्यासाठी इतका जीव काढतो ते सगळं वाया जातं. म्हणून तळावर ध्वनिस्रोत, गोलांत ध्वनिग्राहक आणि कंपास असतात. ठरावीक वेळाने आवाज सोडायचा, तो कुठे केव्हा पोचला ते मोजायचं आणि माळेचा त्या क्षणीचा आकार काढायचा. तळावरचे निम्मे स्रोत काढले तर एक-दोन बंद पडल्यावर उरलेल्यांवर आकार ठरणारच नाही. समुद्रतळावर एखादं बंद पडणं हा अपवाद नसतो, तो नियम असतो.

याचं मोल किती, हे १३ फेब्रुवारी २०२३ च्या घटनेने दाखवलं. सिसिलीच्या कापो पासेरोजवळ सुमारे ३,४५० मीटर खोलीवरच्या केएमथ्रीनेट दुर्बिणीतून एक म्युऑन जवळजवळ आडवा गेला. त्याला जन्म देणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा अंदाजे २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं एकक), आजवर सापडलेल्यांत सर्वाधिक. त्याचा अहवाल फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या खगोलज्ञांनी त्या दिशेला काय आहे हे शोधायला सुरुवात केली, आणि तिथे एक नाही, अनेक ब्लेझार (केंद्रातल्या कृष्णविवरातून आपल्या दिशेने झोत सोडणाऱ्या दीर्घिका) निघाले. दिशेतली अनिश्चितता सुमारे १.५ अंश होती, पूर्णचंद्राच्या रुंदीच्या तिप्पट, तीही मध्यापासून चारी बाजूंना. ही अनिश्चितता प्रकाश कमी पडला म्हणून आली नव्हती. प्रकाश भरपूर होता, एक-तृतीयांशाहून अधिक नळ्या पेटल्या होत्या. ती मुख्यतः दुर्बीण समुद्रतळावर नेमकी कशी बसली आहे, हे पुरेसं अचूक ठाऊक नसल्यामुळे होती.

त्यांच्या कामाला मी नावं ठेवत नाही. त्यांनी स्वतःच हे स्पष्ट लिहिलं म्हणून आपल्याला शिकता येतं. तळावरचे नांगर हलत नाहीत, ते पुन्हा मोजून ती दिशा आजही सुधारता येते. पण त्या रात्री माळा किती आणि कुठे झुकल्या होत्या, हे त्याच रात्री नोंदलं नसेल तर पुढे कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही. आपल्या दुर्बिणीत तसा न्यूट्रिनो उद्या आला तर पुन्हा कधी येईल कुणास ठाऊक. त्या वेळी आपल्याकडे फक्त चमक असेल आणि पत्ता नसेल, हे मला सहन होणार नाही.

दाबचाचणीबद्दल थोडक्यात. ३,५०० मीटरवर दाब सुमारे ३५० बार असतो. म्हणजे आमच्या गोलाच्या एकेका वाटीवर ५०० टन वजनाइतका भार. नमुन्यादाखल चाचणी एकसारख्या वस्तूंना चालते. आमचे गोल हातांनी जोडलेले असतात आणि हात दररोज सारखा नसतो. शिवाय फुटणारा गोल एकटा फुटत नाही. १२ नोव्हेंबर २००१ ला जपानच्या सुपर-कामिओकांडेत एक नळी फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची फुटली, आणि पाहता पाहता ६,६०० हून जास्त नळ्या गेल्या. तिथलं पाणी जेमतेम ४० मीटर खोल होतं.

समुद्रविज्ञानाच्या जोडण्या. तळावरच्या जंक्शन बॉक्सवर, जिथे किनाऱ्याची केबल आणि माळा जोडल्या जातात तिथे, मोजक्या जागा ठेवायच्या, एवढंच काम आहे. आज ठेवल्या नाहीत तर नंतर अख्खा बॉक्स वर काढावा लागतो, त्यामुळे 'पुढील टप्प्यात' याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. इटलीच्या नेमो प्रकल्पाने २००५ मध्ये कातानियाजवळ २,००० मीटरवर हायड्रोफोन (पाण्याखालचे ध्वनिग्राहक) सोडले होते, तेही समुद्रातला कोलाहल मोजण्यासाठी. त्यांना स्पर्म व्हेलचे आवाज ऐकू आले, आणि त्या भागात ते मानलं जात होतं त्यापेक्षा बरेच जास्त असल्याचं कळलं. खोल समुद्रात कायमची वीज आणि कायमची केबल नेणं किती दुर्मिळ आहे हे तुम्ही जाणता. सागरी जीवशास्त्रातले आमचे सहकारी गेली काही वर्षं या जोडण्यांच्या भरवशावर उपकरणं तयार करत आहेत. निर्णयाआधी त्यांना एक फोनही गेला नाही.

आम्हालाही गेला नाही. जोडणी करणारे, जहाजावर माळा सोडणारे, पाण्याखालचे कनेक्टर रोबोटच्या हाताने बसवणारे, यांपैकी कुणालाही बैठकीला बोलावलं नाही. तुमच्यातल्या काहींनी आयुष्यभर या विषयात काम केलंय आणि त्यांच्याकडूनच मी शिकले. म्हणूनच हे मनाला जास्त लागलं.

पैसे कमी पडले आहेत, हे मला ठाऊक आहे. तुमच्यावर वरून दबाव आहे, हेही. तेव्हा कुठे कापायचं ते मीच सांगते: माळांची संख्या कमी करा. हे म्हणताना माझ्याच विभागाचं काम कमी होणार आहे, तरी म्हणते. २०२३ चा तो न्यूट्रिनो सापडला तेव्हा त्या जागी २३० पैकी फक्त २१ माळा चालू होत्या. रशियातल्या बैकल सरोवरातली न्यूट्रिनो दुर्बीण दरवर्षी हिवाळ्यात बर्फावरून थोड्या थोड्या माळा सोडत वाढते आहे. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातली आइसक्यूब दुर्बीण २०१० च्या अखेरीस पूर्ण झाली, पण त्याआधीची कित्येक वर्षं अर्धीमुर्धी असतानाच नोंदी घेत होती. माळा नंतर वाढवता येतात. तळावरच्या जोडण्या, पहिल्या दिवसापासूनची मोजमापं आणि आधी न केलेली चाचणी नंतर वाढवता येत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. खरी केबल, खरे गोल आणि खरी इलेक्ट्रॉनिक्स असलेली एक पूर्ण माळ निवडलेल्या जागी सलग बारा महिने चालवावी, मग ती वर काढून उघडावी, आणि तोवर मोठ्या उत्पादनाची मागणी नोंदवू नये. त्याच माळेवर पार्श्वप्रकाश, प्रवाह आणि पाण्याची पारदर्शकता वर्षभर मोजावी. ध्वनियंत्रणा आणि प्रकाश-कॅलिब्रेशनची, म्हणजे प्रकाशाची मोजमापं ताडून पाहण्याची, साधनं मूळ आराखड्याप्रमाणे ठेवावीत. पाण्यात जाणारं प्रत्येक पात्र आणि प्रत्येक पेनिट्रेटर दाबाखाली तपासावा. समुद्रविज्ञानाच्या जोडण्या पहिल्याच जंक्शन बॉक्सवर द्याव्यात. आणि वगळलेल्या प्रत्येक कामापुढे कारण लिहून, मतभेदांसह, तुमचा अहवाल सर्वांना वाचायला खुला करावा.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्या आणि आमच्यातल्या दोघा-तिघांना बोलवा. ते मिठाची रेघ असलेलं झाकण मी जपून ठेवलंय, ते घेऊन येईन, भिंगही आणीन. चाचणीच्या माळेसाठीचे अठरा गोल जोडून, सांधे तपासून, खोक्यांत भरून तयार आहेत. जहाजाची तारीख तेवढी ठरायची आहे.

आपली नम्र,
ऑप्टिकल मॉड्यूल जोडणी विभागातील एक अभियंता